ही फाइल कोण वाचणार?

अठराव्या शतकात लंडनच्या फाउंडलिंग हॉस्पिटलमध्ये मूल सोडायला आलेल्या बाईला तिचं नाव विचारत नसत. ही संस्था म्हणजे नावाप्रमाणे रुग्णालय नव्हतं, तो अनाथाश्रम होता. थॉमस कोरम नावाच्या एका म्हाताऱ्या जहाजवाल्याने सतरा वर्षं उंबरठे झिजवल्यावर १७३९ साली तिला राजाची सनद मिळाली आणि मार्च १७४१मध्ये पहिली मुलं दाखल झाली. प्रत्येक मुलामागे एक छापील कागद भरला जाई. त्याला ‘बिलेट’ म्हणत. त्यात दाखल झाल्याची तारीख, मुलगा की मुलगी, अंदाजे वय, अंगावर कोणकोणते कपडे होते, शरीरावर काही खूण आहे का, एवढंच असे. मुलाच्या किंवा आईच्या कपड्याचा एक तुकडा कापून टाचणीने त्या कागदाला लावत. मग कागदाची घडी घालून ती मोहोरबंद होई. मुलाला नवं नाव मिळे. ती घडी उघडायची फक्त एका प्रसंगी : कुणी ते मूल परत मागायला आलं तर.

जॉन स्टाइल्स या इतिहासकाराने या तुकड्यांचा अभ्यास केला आहे. असे पाच हजारांहून जास्त तुकडे आजही शिल्लक आहेत. गोरगरीब बायकांच्या अंगावरचं इतकं कापड ब्रिटनमध्ये दुसरीकडे कुठेही जपलं गेलेलं नाही. १७४१ ते १७६० या काळात या संस्थेत १६,२८२ मुलं आली. त्यांतली १५२ परत नेली गेली. म्हणजे शंभरातलं एकसुद्धा नाही. तरीही प्रत्येक मुलासाठी कागद भरला गेला आणि हजारो कागदांना तुकडा टाचला गेला. सारा बेंडर नावाच्या आईने १७६७च्या फेब्रुवारीत आपला चार्ल्स तिथे सोडला, तेव्हा ठिगळांच्या कापडावर भरलेलं एक लाल हृदय मधोमध कापलं गेलं. अर्धं कागदाला लागलं, अर्धं तिच्याकडे राहिलं. संस्थेत चार्ल्सचं नाव बेंजामिन ट्वर्ल झालं. १७७५ साली ती परत आली आणि तिला तिचा मुलगा मिळाला.

मला हे बिलेट एवढं आवडतं, कारण हा कागद कुणासाठी भरायचा हे भरणाऱ्याला पक्कं ठाऊक होतं. कधीतरी कदाचित येणारी एक बाई आणि कपाटात शोधणारा एक कारकून, एवढे दोनच वाचक. म्हणून त्यात ‘आई दुर्वर्तनी दिसते’ वगैरे मजकुराला जागाच नाही. जे ओळख पटवायला उपयोगी, तेवढंच त्यात आहे. मुलांच्या नोंदी ठेवण्याचा पुढचा पावणेतीनशे वर्षांचा इतिहास वाचताना मला वाटत राहिलं, की वाचक बदलत गेला तशी नोंद बदलत गेली. आणि ज्याच्याबद्दल ती लिहिलेली असते, तो वाचकांच्या यादीत सगळ्यांत शेवटी आला.

या विषयाशी माझा संबंध पोटापाण्याचा आहे. मी पुण्यात बसून इंग्लंडमधल्या स्थानिक प्रशासनांसाठी केस मॅनेजमेंटचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या टीममध्ये काम करते. मला कुठल्याही खऱ्या मुलाची नोंद दिसत नाही आणि दिसूही नये. मला दिसतात ते रकाने. कुठला रकाना सक्तीचा, कुठल्यात किती अक्षरं मावतात, कुठे यादीतून निवडायचं आणि कुठे मोकळं लिहायचं. हे रकाने असे का, हा प्रश्न पडला आणि मी मागेमागे जात राहिले.

(एक खुलासा : या लेखात मी ‘सोशल वर्कर’ हाच शब्द वापरणार आहे. ‘समाजसेवक’ म्हटलं की चौकातला वाढदिवसाचा फ्लेक्स डोळ्यांसमोर येतो. इथे विषय आहे तो पगारी, प्रशिक्षित, कायद्याने जबाबदारी दिलेल्या माणसांचा.)

‘केस’चा जन्म

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लंडनमध्ये (१८६९) आणि मग अमेरिकेतल्या शहरांत ‘चॅरिटी ऑर्गनायझेशन सोसायट्या’ निघाल्या. एकच माणूस चार ठिकाणी मदत मागतो आणि खरा गरजू मागे राहतो, अशी त्यांची तक्रार होती. त्यावर त्यांनी शोधलेला उपाय म्हणजे घरी जाऊन चौकशी करायची आणि ती लिहून ठेवायची. म्हणजे आधुनिक केस फाइलचा जन्म निम्मा मदतीतून आणि निम्मा संशयातून झाला. हे मूळ पुसलं गेलं असं मला वाटत नाही.

बाल्टिमोरच्या अशाच सोसायटीत हिशेबनीस म्हणून लागलेल्या मेरी रिचमंड यांनी या चौकशीला शास्त्राची शिस्त लावली. त्यांचं ‘सोशल डायग्नोसिस’ हे जाडजूड पुस्तक १९१७ साली आलं. त्यांचा भर पुराव्यावर होता. ही गोष्ट कुणी सांगितली, त्याला ती स्वतः ठाऊक होती की ऐकीव, त्याचा स्वतःचा हेतू काय असू शकतो, अशी वकिली थाटाची छाननी त्या शिकवतात. आज शंभर वर्षांनंतरही सोशल वर्करच्या प्रशिक्षणात ‘वस्तुस्थिती आणि मत वेगळं लिहा’ हा पहिला धडा असतो, त्याचा उगम इथे आहे.

तीन वर्षांनी, १९२० साली, ‘द सोशल केस हिस्टरी’ हे पुस्तक आलं. ते पूर्णपणे नोंद कशी लिहावी यावरच होतं. लेखिका एडा एलियट शेफील्ड. कवी टी. एस. एलियट यांची ही थोरली बहीण. भावाच्या कवितेवर आपण मराठीत रकानेच्या रकाने लिहिले. बहिणीचं नाव मात्र मला या शोधात पडेपर्यंत माहीत नव्हतं.

१९२०च्या दशकात शिकागोचे समाजशास्त्रज्ञ अर्नेस्ट बर्जेस यांनी वेगळाच मुद्दा काढला. सोशल वर्करच्या भाषेत गाळून आलेली माणसं सगळी एकसारखी दिसतात. तेव्हा माणूस जे बोलला ते त्याच्याच शब्दांत लिहा, असं त्यांचं म्हणणं होतं. विद्यार्थ्यांकडून मुलाखतीचा शब्दन्‌शब्द लिहून घ्यायचा, ही पद्धत समाजकार्याच्या शाळांत रुळली. पण तिचा वाचक होता शिक्षक किंवा पर्यवेक्षक. विद्यार्थ्याने प्रश्न बरोबर विचारला का, हे त्यांना तपासायचं असे. १९३६ साली न्यूयॉर्कच्या समाजकार्य शाळेतल्या गॉर्डन हॅमिल्टन यांचं ‘सोशल केस रेकॉर्डिंग’ प्रसिद्ध झालं आणि हा विषय अभ्यासक्रमात स्थिरावला.

त्याच १९३६ साली मुंबईत सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क सुरू झालं. हेच पुढे टाटा समाजविज्ञान संस्था, म्हणजे आपलं ‘टिस’. पहिले संचालक क्लिफर्ड मॅनशर्ट हे शिकागोत शिकलेले अमेरिकन मिशनरी. नागपाड्यातल्या वस्तीत त्यांनी दहा वर्षं काम केलं होतं. मुंबई इलाख्यात १९२४चा बाल अधिनियम आणि १९२७ सालची चिल्ड्रन्स एड सोसायटी आधीच होती. डोंगरीच्या बालगृहाशी मुंबईकरांची ओळख त्यातलीच. आता त्या कामासाठी शिकलेली माणसं तयार होऊ लागली आणि त्यांच्यासोबत अमेरिकन ‘केस वर्क’ची वहीही मुंबईत आली.

गॅस्किनची ३५२ कागदपत्रं

आतापर्यंतच्या कुठल्याच वाचकाला वाटलं नव्हतं, की हे कागद ते मूल मागेल. ते मागितले ग्रॅहम गॅस्किन याने.

लिव्हरपूलचा हा मुलगा १९५९ साली जन्मला. लहानपणीच आई गेली आणि १९६० साली तो नगर परिषदेच्या ताब्यात आला. सज्ञान होईपर्यंत तो एका घरातून दुसऱ्या घरात फिरत राहिला. आपल्याशी वाईट वागणूक झाली असा त्याचा आरोप होता. परिषदेवर दावा लावायचा तर पुरावा हवा, आणि पुरावा होता त्याच्या स्वतःच्या फायलीत. परिषदेने ती द्यायला नकार दिला. १९८० साली लॉर्ड डेनिंग यांच्या न्यायासनानेही नकार कायम ठेवला. कारण असं, की आपण लिहिलेलं उद्या त्या मुलाच्या हाती पडेल असं कळलं, तर डॉक्टर, शिक्षक, पालक, सोशल वर्कर मोकळेपणाने लिहिणार नाहीत आणि व्यवस्थाच लंगडी पडेल.

हा युक्तिवाद हसण्यावारी नेण्यासारखा नाही. एखादी शेजारीण ‘माझं नाव येऊ देऊ नका’ म्हणून माहिती देते, तेव्हा तिला दिलेला शब्द पाळायला हवाच. पण या युक्तिवादाची दुसरी बाजू अशी, की ज्याच्यासमोर वाचून दाखवायची लाज वाटेल, असं त्याच्याबद्दल लिहिण्याची मुभा हीच चांगल्या नोंदीची अट ठरते.

प्रकरण स्ट्रासबुर्गच्या युरोपीय मानवाधिकार न्यायालयात गेलं. फायलीत ४६ जणांनी लिहिलेली सुमारे ३५२ कागदपत्रं होती. परिषदेने त्या प्रत्येकाची परवानगी मागितली आणि १९८६ साली १९ जणांचे ६५ कागद गॅस्किनच्या वकिलांना दिले. बाकीच्यांपैकी काहींनी नकार दिला, काही सापडलेच नाहीत. ७ जुलै १९८९ला निकाल लागला. सगळी फाइल द्याच, असं न्यायालयाने म्हटलं नाही. पण अशा परिस्थितीत वाढलेल्या माणसाला आपलं बालपण जाणून घेण्यात मूलभूत हितसंबंध असतो, आणि लिहिणारा सापडत नसेल किंवा विनाकारण अडवत असेल तर निवाडा करायला तटस्थ यंत्रणा हवी, असं सांगितलं. ती नव्हती, म्हणून ब्रिटन दोषी ठरलं.

आपल्यातल्या बहुतेकांना बालपणासाठी फाइल लागत नाही. आजी सांगते, मामा चिडवतो, अल्बम असतो. आणि फारच मागे जायचं तर नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळीत पणजोबांच्या हातची सही निघते. संस्थेत वाढलेल्या मुलाच्या बाबतीत हे सगळं काम एकट्या फायलीवर पडतं. पहिलं पाऊल कधी टाकलं, अंगावरचा व्रण कशाचा, भावाला वेगळं का केलं, हे दुसरीकडे कुठे लिहिलेलंच नसतं. ‘वस्तुस्थिती आणि मत वेगळं लिहा’ या धड्याला इथे वेगळंच वजन येतं. ‘आई सहकार्य करत नाही’ या वाक्याने त्या दिवसाचं काम भागतं. ‘आई ठरलेल्या वेळी तीनदा आली नाही, तिसऱ्या वेळी तिने फोनवर सांगितलं की खाडा केला तर मजुरी कापतात’ हे लिहायला चार मिनिटं जास्त लागतात. वीस वर्षांनी वाचणाऱ्यासाठी ही दोन वाक्यं म्हणजे दोन वेगळ्या आया आहेत.

सगळं एका स्क्रीनवर

२५ फेब्रुवारी २००० रोजी लंडनमध्ये व्हिक्टोरिया क्लिंबिए ही आठ वर्षांची मुलगी मरण पावली. आफ्रिकेतल्या आयव्हरी कोस्टहून तिला एक लांबची आत्या शिकवण्याच्या नावाखाली घेऊन आली होती. शवविच्छेदनात १२८ जखमा आढळल्या. लॉर्ड लेमिंग यांचा चौकशी अहवाल २००३च्या जानेवारीत आला. लंडनच्या चार भागांची समाजसेवा खाती, पोलिसांची दोन बालसंरक्षण पथकं, दोन रुग्णालयं, इतक्यांशी या मुलीचा संबंध आला होता आणि तिला वाचवण्याच्या किमान बारा संधी हुकल्या होत्या. फायलींत तिचं नावही चुकीचं होतं. आत्याने तिला ‘ॲना’ नावाच्या दुसऱ्याच मुलीच्या पासपोर्टवर आणलं होतं, म्हणून सगळीकडे ती ॲनाच राहिली. नोंदी नव्हत्या असं नाही. त्या अर्धवट होत्या, एकमेकींपर्यंत पोचत नव्हत्या आणि वरिष्ठांनी फाइल उघडून वाचली नव्हती. लेमिंग यांच्या १०८ शिफारशींतल्या कितीतरी निव्वळ नोंदींबद्दल आहेत.

इथे माझ्या व्यवसायाचा प्रवेश होतो. सरकारने उत्तर शोधलं ते संगणकात. इंग्लंडमधल्या सगळ्या, म्हणजे सुमारे एक कोटी दहा लाख मुलांची यादी असलेला ‘कॉन्टॅक्टपॉइंट’ हा डेटाबेस तब्बल २२ कोटी ४० लाख पौंडांच्या खर्चाने उभा राहिला आणि ऑगस्ट २०१०मध्ये बंदही पडला. त्याहून खोल परिणाम झाला तो ‘इंटिग्रेटेड चिल्ड्रन्स सिस्टिम’चा. मुलाबद्दलची सगळी नोंद ठरावीक फॉर्ममध्ये आली. पहिली पाहणी कामकाजाच्या सात दिवसांत, सविस्तर पाहणी कामकाजाच्या पस्तीस दिवसांत. मुदत टळली की आकडा वर जाणार.

स्यू व्हाइट, डेव्हिड वॅस्टेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कार्यालयांत बसून हे काम कसं चालतं ते पाहिलं. सोशल वर्कर आपला साठ ते ऐंशी टक्के वेळ स्क्रीनसमोर जातो असं सांगत होते. फॉर्म मुलाच्या गरजांचे तुकडे करून वेगवेगळ्या रकान्यांत टाकत होता, पण गोष्ट सलग कुठेच उरत नव्हती. भावंडं तीन असली की तोच मजकूर तीनदा चिकटवला जाई. २०११ साली एलीन मन्रो यांच्या अहवालाने स्पष्ट केलं, की व्यवस्था नियम पाळण्यात गुंतली आणि मूल बाजूला पडलं. पुढे त्या दोन वेगळ्या मुदती गेल्या.

प्रोग्रॅमर म्हणून मला यातलं काहीच परकं वाटत नाही. सक्तीचा रकाना म्हणजे आमच्या दृष्टीने गुणवत्तेची हमी. पण ज्या रकान्याशिवाय पुढे जाता येत नाही, त्यात माणूस काहीतरी भरतोच. ‘मुलाचं म्हणणं’ हा रकाना सक्तीचा केला, म्हणून मुलाला कुणी विचारेल असं होत नाही; ‘मूल लहान आहे’ किंवा ‘मूल आनंदी दिसलं’ एवढं मात्र नक्की येतं. रिकामा रकाना निदान खरं सांगतो. म्हणून नवा फॉर्म आखताना ‘हे विचारता आलं नाही, कारण…’ अशी जागा हवी असा माझा आग्रह असतो. कधी तो मान्य होतो, कधी ‘रिपोर्टमध्ये कसं दाखवणार’ म्हणून पडतो. लेमिंग यांना हव्या होत्या वाचल्या जाणाऱ्या नोंदी. आम्ही बनवल्या मोजता येणाऱ्या.

काळ्या पट्ट्या

लेम सिसे हा ब्रिटिश कवी १९६७ साली एका इथिओपियन विद्यार्थिनीच्या पोटी जन्मला. सोशल वर्करने त्याला स्वतःचंच नाव देऊन टाकलं, नॉर्मन. पालक घराने बारा वर्षांनी त्याला परत पाठवलं. मग बालगृहं. आपलं खरं नाव लेम आहे आणि आईने आपल्याला परत मागणारं पत्र १९६८ सालीच लिहिलं होतं, हे त्याला व्यवस्थेतून बाहेर पडताना कळलं. पूर्ण फाइल मिळायला २०१५ उजाडलं. तिच्यातले कागद आणि स्वतःची आठवण शेजारी शेजारी ठेवून त्याने २०१९ साली ‘माय नेम इज व्हाय’ लिहिलं. फाउंडलिंग हॉस्पिटलने नाव बदललं, पण परतीची खूण जपली. इथे ती दोनशे वर्षांनंतर फायलीतच गाडली गेली.

इंग्लंडमध्ये आता संस्थेत किंवा पालक घरात वाढलेल्या मुलाची फाइल त्याच्या पंचाहत्तराव्या वाढदिवसापर्यंत जपावी लागते. पण जपली म्हणजे मिळाली असं नाही, आणि मिळाली म्हणजे समजली असं नाही. शेकडो पानांचा गठ्ठा हाती येतो तेव्हा त्यात इतरांच्या खाजगीपणासाठी ओळीच्या ओळी काळ्या केलेल्या असतात. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमध्ये २०१७पासून एलिझाबेथ शेफर्ड, व्हिक्टोरिया हॉयल आदींनी ‘मिर्रा’ हा संशोधन प्रकल्प अशाच वाढलेल्या माणसांना सोबत घेऊन केला. फायलीत आपण फक्त अडचण म्हणून दिसतो; वाढदिवस, मित्र, आवडीनिवडी, फोटो यांचा पत्ता नसतो, हे त्यांच्या बोलण्यातून पुन्हा पुन्हा आलं. भाषेचाही प्रश्न आहे. ‘लुक्ड आफ्टर चाइल्ड’चं लघुरूप एल-ए-सी, आणि त्याचा उच्चार करतात ‘लॅक’, म्हणजे उणीव! २०१९ साली ‘टॅक्ट’ या संस्थेने मुलांकडूनच शब्दांची यादी तयार करून घेतली. आईला भेटणं म्हणजे ‘कॉन्टॅक्ट’ आणि घर म्हणजे ‘प्लेसमेंट’ असं आमच्याबद्दल लिहू नका, असं त्यात मुलांनीच सांगितलं.

तिथल्या प्रशिक्षणात यातून एक साधा बदल येऊ लागला आहे : नोंद मुलाला उद्देशून लिहायची. ‘मुलाला हलवण्यात आलं’ याऐवजी ‘आज तुला दुसऱ्या घरी नेलं, कारण…’. असं लिहायला लागलं की कारण लिहावंच लागतं. कर्मणी प्रयोगात निर्णय घेणारा लपतो. ‘तुला’ म्हटल्यावर लपता येत नाही. याला मर्यादा आहेत. न्यायालयाला हवा तो पुरावा प्रेमळ पत्रात बसवता येत नाही, आणि भयंकर घटना गोड शब्दांत लिहिणं ही फसवणूकच ठरेल. पण रिचमंड यांची छाननी आणि हा नवा वाचक एकमेकांच्या विरोधात नाहीत. मुलालाही पुरावाच हवा असतो.

आपला नमुना २२

आपल्याकडे २०१५चा बाल न्याय अधिनियम आहे. बालकल्याण समितीसमोर मूल आलं की सामाजिक तपासणी अहवाल पंधरा दिवसांत द्यायचा. त्यासाठी २०१६च्या नियमांत नमुना २२ आहे, वैयक्तिक संगोपन योजनेसाठी नमुना ७. कुटुंब, आरोग्य, शिक्षण, सवयी, शोषण, सगळ्याचे रकाने आहेत. इंग्लंडने वीस वर्षांपूर्वी जे केलं, त्याच्याशी हे बरंच मिळतंजुळतं आहे. माहिती पोर्टलवरही चढवायची असते.

पण त्याच कायद्याचं कलम ९९ सांगतं, की हे अहवाल गोपनीय. समितीला योग्य वाटलं तर त्यातला सारांश मुलाला किंवा पालकांना कळवता येईल. पीडित व्यक्तीला मात्र आपल्या नोंदी नाकारता येणार नाहीत, असं पोटकलम पुढे आहे. म्हणजे आपण डेनिंग आणि स्ट्रासबुर्ग यांच्या मधे कुठेतरी उभे आहोत. दत्तक गेलेल्यांसाठी नियमांत आपलं मूळ शोधण्याची तरतूद आहे, आणि पुण्या-मुंबईच्या संस्थांतून युरोपात गेलेली माणसं चाळिशीत इथे येऊन कपाटं उघडायला लावतात, तेव्हा ती तरतूद कसोटीला लागते. तेव्हा त्यांच्यासमोर येतो तो कुणीतरी घाईत लिहिलेला एक कागद. जे बालगृहातच वाढून अठराव्या वर्षी बाहेर पडले, त्यांच्यातले फारच थोडे ही मागणी घेऊन येतात. त्यांना तसं मागता येतं, हेच कुणी सांगितलेलं नसतं.

एका जिल्ह्यात मोजके संरक्षण अधिकारी, डोक्यावर पंधरा दिवसांची मुदत आणि नीट न चालणारं नेट, अशा परिस्थितीत ‘सुंदर लिहा’ असं सांगणं उद्धटपणाचं होईल. पण प्रशिक्षण होतंच असतं. त्यात नमुना कसा भरायचा आणि पोर्टलवर कुठे क्लिक करायचं, हे शिकवलं जातं. त्यातलाच अर्धा दिवस वेगळा काढावा. नावं-गावं बदललेली एक जुनी फाइल प्रत्येकाच्या हाती द्यावी आणि सांगावं, की हे मूल आता पस्तीस वर्षांचं आहे आणि तुम्ही ते मूल आहात. मला घरून का नेलं, ते कुणी ठरवलं, मला कुणी विचारलं का, माझी आई नंतर कधी आली होती का? चारही उत्तरं त्या कागदांत शोधा. जी सापडणार नाहीत, ती दुसऱ्या दिवशीच्या अहवालात कुठल्या रकान्याखाली लिहायची ते ठरवा. रकाना नसेल तर पानाच्या मागे लिहा. ‘इतर शेरा’ या रकान्याला अक्षरांची मर्यादा घालू नका, हे आमच्यासारख्यांना सांगायचं काम माझ्याकडे लागलं.